सुट्टीत घर भरलेलं असताना वाचायचं कसं?

प्रश्न असा आहे. वर्षभर नोकरी आणि घर सांभाळताना वाचन मागे पडतं, म्हणून सणासुदीच्या सुट्टीसाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवली जातात. सुट्टी लागते, घर माणसांनी भरतं, आणि मग ना धड वाचन होतं ना माणसांशी धड बोलणं. पुस्तक हातात घेतलं की "सगळे आलेत आणि ही आपली वाचत बसलीय" असं कोणीतरी म्हणतं. पुस्तक ठेवलं तर जीव त्यातच अडकलेला. सुट्टी संपते तेव्हा चिडचिड आणि अपराधीपणा, दोन्ही पदरी. यातून मार्ग काय?

मी बरीच वर्षं ग्रंथालयाच्या देवघेव विभागात काम करते. सुट्टीच्या आधी पिशवी भरभरून पुस्तकं नेणारे आणि सुट्टीनंतर त्यातली निम्मी न उघडता परत आणणारे सभासद मला दरवर्षी भेटतात. हे सगळे पट्टीचे वाचक असतात. एरवी आठवड्याला एक पुस्तक बदलणारी माणसं सुट्टीत एवढी का अडतात, हे त्यांच्याशी बोलत बोलत मला कळत गेलं. वेळ कमी पडतो हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे: सुट्टीत आपण चोरून वाचतो. पाहुणे अंघोळीला गेले की चार पानं, भाजी चिरून झाली की दोन पानं, सगळे झोपले की डोळे ताणून दहा पानं. असं वाचताना पुस्तकही नीट कळत नाही आणि मधल्या वेळात माणसांजवळ बसलेलो असूनही आपण तिथे नसतो. म्हणून माझा पहिला सल्ला: दिवसातला एक तुकडा घरातल्यांकडे उघडपणे मागून घ्या, आणि उरलेल्या वेळात पुस्तक खरोखर मिटून ठेवा.

मागायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. "मला जरा वाचू द्या ना" असं वैतागून म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपली अडचण होतेय. त्यापेक्षा आदल्या रात्री, सगळे निवांत असताना सांगून टाकावं: "आई, उद्या सकाळी सात ते आठ मी आतल्या खोलीत वाचत बसणार आहे. आठ वाजता उठले की पुढचं सगळं माझ्याकडे." यात तीन गोष्टी आल्या. वेळ ठरलेली आहे, तिला शेवट आहे, आणि त्यानंतर तुम्ही कामाला हजर आहात. घरातल्या मोठ्यांना खटकतं ते वाचणं नसतं. ही कधी उठणार आणि काम कोणावर पडणार, याचा पत्ता नसतो म्हणून ते बोलतात. शेवट सांगितला की बहुतेक घरं एक तास सहज देतात. आणि आठ म्हणजे आठ. पहिल्या दिवशी साडेआठ केलेत की दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्यालाच दारावर थाप पडेल.

हा तास शक्यतो सकाळचा ठेवा. रात्रीचा वेळ मोकळा वाटतो, पण सुट्टीत रात्री लांबतात, गप्पा रंगतात, आणि दिवसभराच्या धावपळीनंतर चौथ्या पानावर डोळे मिटतात. दुपारची वामकुक्षी हीसुद्धा चांगली जागा आहे, कारण त्या वेळी निम्मं घर आपोआप आडवं झालेलं असतं आणि कोणाकडे काही मागावं लागत नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना मी दुपारच सुचवते. सकाळी मुलं मोठ्यांच्याही आधी उठलेली असतात.

एवढं करूनही व्यत्यय येणारच. दार वाजेल, कोणीतरी हाक मारेल, कोणाला टॉवेल सापडणार नाही. यावर एक छोटा उपाय आहे आणि तो मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून आपण दुसऱ्याकडे वळतो तेव्हा मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो आणि दुसऱ्याकडे पुरतं लक्ष लागत नाही. पुढे 2018 मध्ये थेरेसा ग्लॉम यांच्यासोबत त्यांनी यावर तोडगा तपासला. काम सोडायच्या आधी, आपण कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचंय हे झटकन लिहून ठेवलं, तर मन मोकळं होतं आणि दुसऱ्या कामात नीट लागतं. त्यांचे प्रयोग कार्यालयीन प्रकारच्या कामांवरचे होते, कादंबरीवरचे नव्हेत. पण अर्धवट सुटलेल्या प्रकरणाच्या बाबतीतही मी तेच घडताना पाहिलं आहे.

म्हणून खुणेसाठी नुसती पट्टी घालू नका. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, त्याला पेन्सिल अडकवा, आणि उठण्याआधी दोन ओळी लिहा. उदाहरणार्थ: "पान 142. पत्र आलंय, थोरल्याने अजून फोडलेलं नाही. धाकटीला संशय आलाय. तिला सगळं आधीच माहीत असावं असं मला वाटतं." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आपला अंदाज लिहिला की परत बसताना पुस्तकात शिरायला वेळ लागत नाही, कारण अंदाज खरा ठरतो का हे बघायची ओढ लागलेली असते. आणि इकडे दारात आलेल्या मावशीशी बोलताना धाकटी डोक्यात घोळत राहत नाही. ती कागदावर उतरलेली असते. आमच्या एक सभासद बाई असे कागद पुस्तकासोबत परत करायच्या. त्यांच्या अंदाजांवरून पुढच्या वाचकाला उगाच सुगावा लागायचा, म्हणून आम्ही ते काढून त्यांना परत द्यायचो. त्यांनी ते सगळे एका डब्यात जपून ठेवले आहेत.

आता जागेचं. भरल्या घरात शांत खोली मिळणं कठीण, पण सगळे आवाज सारखे त्रास देत नाहीत. मार्टिन वासिलेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये वाचन आणि आवाज यांवरचे आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले. कोणताही आवाज वाचलेलं समजण्यात थोडाफार अडथळा आणतो, पण सर्वात जास्त नडतं ते कळणारं बोलणं, आणि शब्द असलेली गाणी. नुसत्या गोंगाटाचा त्रास त्या मानाने कमी. याचा घरातला अर्थ सरळ आहे. पंख्याच्या घरघरीत किंवा कपडे धुण्याच्या मशीनशेजारी बसून वाचता येतं, पण पलीकडच्या खोलीत दोघं हळू आवाजात घरातल्याच कोणाबद्दल बोलत असतील तर एक ओळ पुढे सरकत नाही. तेव्हा शांततेपेक्षा बोलणं ऐकू न येणारा कोपरा शोधा. गॅलरी, जिना, गच्चीचं दार, कपड्यांच्या कपाटाची खोली, काहीही चालतं. हेडफोन लावायचे असतील तर पावसाच्या आवाजासारखं काहीतरी एकसुरी लावा, गाणी नकोत. फक्त तुम्ही ऐकू न येण्याच्या अवस्थेत आहात हे घरात कोणालातरी सांगून ठेवा.

कोपरा बदलला की उजेड बदलतो, हे लोक विसरतात. वाचायला साधारण 300 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड असावा असं प्रकाशयोजनेची मानकं सांगतात. छताला एकच दिवा असलेल्या खोलीच्या कोपऱ्यात बऱ्याचदा त्याच्या निम्माही पोहोचत नाही. एक हलवता येणारा टेबल लॅम्प सुट्टीआधीच साफ करून, बल्ब तपासून ठेवा आणि तो खांद्याच्या मागून, लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने पानावर पडेल असा ठेवा. घरात वडीलधारी वाचणारी माणसं येणार असतील तर त्यांच्यासाठी एक दिवा जास्तच लागेल. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. "आता वाचवत नाही गं" असं म्हणणाऱ्या कितीतरी आज्यांना फक्त चांगला दिवा हवा असतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे आणि दर वेळी मला तितकंच वाईट वाटतं, कारण तोवर त्यांची चार-पाच वर्षं वाचनाविना गेलेली असतात.

आता मुख्य मुद्दा, पुस्तकांची निवड. सुट्टीसाठी पुस्तकं निवडताना आपण वर्षभराची इच्छा पिशवीत भरतो. ज्याला हात लावायचं धाडस झालेलं नाही ते सातशे पानी, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात ते, शिवाय इतिहासाचे दोन खंड. आधी साधा हिशेब करा. तुमच्या नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाचं एक पान घड्याळ लावून वाचा. मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून काढलेला इंग्रजीचा मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग कथेतर गद्यासाठी मिनिटाला 238 शब्द आणि कथात्म गद्यासाठी 260 आहे. मराठीतले शब्द लांब, प्रत्यय जोडलेले, म्हणून तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. आपलाच वेग मोजलेला बरा. समजा पानाला दोन मिनिटं लागली, तर चारशे पानांच्या कादंबरीला 800 मिनिटं, म्हणजे तेरा तासांहून जास्त. रोज एक तास मिळाला तर दहा दिवसांच्या सुट्टीत एक कादंबरीसुद्धा पुरी होणार नाही. हा हिशेब एकदा मांडला की पिशवीतली सात पुस्तकं आपणहून तीनवर येतात, आणि न वाचल्याची बोच निम्मी कमी होते.

या तिनात काय असावं? मोठी कादंबरी वाचायचीच असेल तर ती सुट्टीत सुरू करू नका. सुट्टीच्या आठवडाभर आधी सुरू करा. कोणत्याही मोठ्या कादंबरीची पहिली पन्नास-साठ पानं सर्वांत जड असतात. माणसं, त्यांची नाती, गाव, काळ, लेखकाची वाक्यं टाकण्याची पद्धत, सगळं एकदम डोक्यात बसवावं लागतं, आणि त्यासाठी सलग, शांत वेळ लागतो. तो टप्पा ओलांडला की वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांतही कादंबरी तुम्हाला सोडत नाही. सुट्टीच्या पहिल्याच गजबजलेल्या दिवशी पान एकवर बसलं तर चौथ्या दिवशीही आपण पान सतरावरच असतो, आणि दोष पुस्तकाला किंवा स्वतःला देतो. माणसं खूप असतील तर पहिल्या कोऱ्या पानाइतक्या सुट्या कागदावर वंशावळ काढून पुस्तकात ठेवा. ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरं पुस्तक तुकड्यांत वाचता येणारं हवं: कथा, पत्रं, दैनंदिनी, ललित लेख, कविता. एका बैठकीत संपणारी गोष्ट सुट्टीत फार उपयोगी पडते. ती संपते, पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं आणि माणसांकडे मोकळ्या मनाने जाता येतं. कवितांचा संग्रह तर मी प्रत्येकाला द्यायला बघते. एक कविता सकाळी वाचून दिवसभर कामं करताना तिच्या ओळी मनात फिरवत राहता येतं. त्यासाठी कोणाकडे वेळ मागावा लागत नाही.

तिसरं, आधी वाचलेलं आणि आवडलेलं पुस्तक. याला लोक बिचकतात. "एवढी नवीन पडलीत आणि जुनंच काय वाचू?" पण पुन्हा वाचताना कथानकाचा भार डोक्यावर नसतो. कुठूनही उघडा, कुठेही थांबा, हाक आली तरी तुटत नाही. पहिल्या वाचनात घाईने ओलांडलेलं एखादं वर्णन, एखाद्या गौण माणसाचं एखादंच वाक्य आता थांबून बघता येतं. सुट्टीच्या सर्वांत गर्दीच्या दोन-तीन दिवसांसाठी मी तरी दुसरं काही सुचवणार नाही.

काय टाळावं, हेही सांगते. दाट संदर्भांचं, तळटिपांचं अभ्यासाचं पुस्तक या दिवसांत बाजूला ठेवा. आणि ज्याने मन फार अंधारतं असंही. असं पुस्तक वाईट असतं म्हणून नव्हे. ते वाचून झाल्यावर माणसाला एकटं राहायला थोडा वेळ हवा असतो, आणि भरल्या घरात तो मिळत नाही. पाचव्या मिनिटाला हसऱ्या चेहऱ्याने बाहेर जावं लागतं. त्या पुस्तकावरही अन्याय आणि आपल्यावरही.

फोनवर वाचावं का, ई-रीडर घ्यावा का, हे बरेच जण विचारतात. पाब्लो डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र करून कागद आणि पडदा यांची तुलना केली. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, विशेषतः वेळेचं बंधन असेल तेव्हा. गोष्टीरूप मजकुरात मात्र फरक आढळला नाही. म्हणजे कथा-कादंबरी पडद्यावर वाचायला हरकत नाही. माझा आक्षेप फोनला आहे आणि तो वेगळ्या कारणासाठी आहे. फोनवर तुम्ही वाचताय हे घरातल्या कोणालाच दिसत नाही. सासऱ्यांना वाटतं सून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीय, मुलांना वाटतं आई व्हॉट्सअ‍ॅप बघतेय. छापील पुस्तक हातात असलं की काय चाललंय ते सगळ्यांना कळतं, मान राखला जातो, आणि एखादा विचारतोही, "काय वाचतेयस?" तिथून गप्पा सुरू होतात.

रात्री झोपताना वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अ‍ॅन-मरी चँग आणि सहकाऱ्यांच्या 2014च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्याआधी उजळ पडद्याच्या उपकरणावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप यायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, आणि झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाचं चक्र दीड तासाने पुढे ढकललं गेलं. त्यात माणसं बाराच होती आणि वाचन रोज चार तासांचं होतं, त्यामुळे घरच्या अर्ध्या तासाला तेवढा परिणाम होईलच असं नाही. तरी सुट्टीत आधीच झोपेचं गणित बिघडलेलं असतं. रात्रीसाठी कागदाचं पुस्तक ठेवावं आणि दिवा मंद, पिवळसर असावा.

ऐकायच्या पुस्तकांबद्दल, म्हणजे ऑडिओबुकबद्दल, माझं मत अलीकडच्या काळात फार अनुकूल झालं आहे. भांडी आवरणं, कपड्यांच्या घड्या, खोल्या झाडणं ही कामं सुट्टीत दुप्पट होतात आणि त्यांत डोकं लागत नाही. त्या वेळी एका कानात वाचक बोलत असेल तर कामाचा वेळ आपोआप वाचनाचा होतो. एकच कान, दुसरा घरासाठी मोकळा. मात्र नवी, गुंतागुंतीची गोष्ट ऐकायला घेऊ नका, कारण डोळ्यांनी मागचं पान उलटतं तसं कानांनी पटकन मागे जाता येत नाही. चरित्र, प्रवासवर्णन, आधी वाचलेली कादंबरी, हे कामाच्या हातांसोबत छान चालतं.

आतापर्यंत मी वाचन माणसांपासून वेगळं काढायला सांगितलं. पण एक वेळ अशी आहे की तेव्हा दोन्ही एकत्र येतात, आणि सुट्टीतला तो सर्वांत सुंदर वेळ आहे असं मला मनापासून वाटतं: मोठ्याने वाचणं. संध्याकाळी दिवे लागले, कोणी लोळलंय, कोणी आवरतंय, आणि एक जण वाचतोय. कथा निवडताना पंधरा ते वीस मिनिटांत संपेल अशी निवडा, संवाद भरपूर असलेली, आणि आधी एकदा एकटीने वाचून घ्या. कुठे श्वास घ्यायचा, कोणत्या वाक्याला थांबायचं हे आधी माहीत असलं की ऐकणाऱ्यांचं लक्ष सुटत नाही. सगळ्यांनी येऊन बसलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. दोघांसाठी वाचायला लागा. दाराशी तिसरा येऊन टेकतोच, आणि "मग पुढे काय झालं?" हा प्रश्न बऱ्याचदा तोच विचारतो. ज्या काकांना वाचनाचा कंटाळा आहे असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललेलो असतो, ते दुसऱ्या दिवशी "आज काय वाचणार?" म्हणून चौकशी करतात. डोळ्यांनी साथ सोडलेल्या आजोबांना तर यासारखा आनंद नाही.

लहान मुलांसाठी वाचताना नुसतं वाचत जाऊ नका. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक पद्धत शिकवली: वाचता वाचता थांबून "हे काय करतंय?", "आता कुठे जाईल?" असं विचारायचं आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायची. महिनाभरातच या मुलांची बोलण्याची क्षमता नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. सुट्टीत ही पद्धत फार सोपी पडते, कारण थांबून विचारायला वेळ असतो आणि उत्तर ऐकायला आज्जी-आजोबा, आत्या, मामा बसलेले असतात. मुलं एकच पुस्तक दहा वेळा मागतील. वाचा. त्यांना पुढचं माहीत असतं आणि ते आपल्याआधी सांगण्यातच त्यांची गंमत असते.

असे दिवस येतील की एकही पान वाचलं जाणार नाही. प्रवासाचा दिवस, कोणाच्या आजारपणाचा, किंवा मनसोक्त गप्पांचा. त्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन तास बसून करायला जाऊ नका. तसं केलं की घराशी केलेला ठराव मोडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीचा तास. आणि वर्षभराच्या वाचनाचा आकडा पुरा करायचा म्हणून वर्षाच्या टोकाला पातळ पुस्तकं शोधत येणाऱ्यांना मी प्रेमाने परत पाठवते. पातळ पुस्तक जरूर वाचावं, पण ते हवंसं वाटलं म्हणून.

घर भरण्याआधीची तयारी राहिली. ज्या खोलीत पाहुणे झोपणार तिथलं कपाट आदल्या दिवशी बघा आणि हाताशी लागणारी तीन पुस्तकं तिथून बाहेर आणून ठेवा, नाहीतर दार बंद असताना ती आतच राहतात. ग्रंथालयाची पुस्तकं असतील तर मुदत सुट्टीच्या आधी वाढवून घ्या, कारण सुट्टीत ग्रंथालयही बंद असतं आणि विलंब शुल्काची आठवण सुट्टीनंतरच येते. दुर्मीळ किंवा कोणाच्या सहीची पुस्तकं वरच्या फळीवर जाऊ द्या. खालच्या फळीवर मुलांनी ओढून काढली तरी चालतील अशीच ठेवा. मुलांना पुस्तकांना हात लावायचीच बंदी असेल, तर पुढे त्यांनी वाचावं ही अपेक्षा कशी करायची?

भरल्या घरात पाण्याचा ग्लास पुस्तकावर सांडतोच. तेव्हा घाबरून उन्हात टाकू नका आणि इस्त्री तर अजिबात फिरवू नका. पानं वाकडी होतात आणि बांधणी सुटते. कोरड्या फडक्याने वरचं पाणी टिपा. दर पंधरा-वीस पानांमध्ये टिपकागद किंवा साधा, न छापलेला शोषणारा कागद घाला आणि तो ओला झाला की बदलत राहा. पाणी कमी झालं की पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडा आणि पंख्याच्या हळू वाऱ्यात वाळू द्या. पूर्ण सुकायच्या जरा आधी मिटून वर वजन ठेवा. दोन दिवसांत सुकलं नाही तर बुरशी धरायला लागते. घाईगर्दीत हे सगळं करायला वेळच नसेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ते थांबून राहतं, पाहुणे गेल्यावर निवांत वाळवता येतं. गुळगुळीत, चकचकीत कागदाच्या चित्रांच्या पुस्तकाला मात्र ताबडतोब हात लावावा लागतो, कारण ती पानं सुकताना एकमेकांना कायमची चिकटतात.

भेट म्हणून पुस्तक द्यायचं असेल तर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच नियमांतले दोन पुरेसे आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपल्याला आवडलेलं देण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्या माणसाला विचारा की अलीकडे कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं आणि का सोडलं. "फार वर्णन होतं", "अक्षर बारीक होतं", "सगळे दुःखीच होते", या उत्तरांतून त्याला काय द्यायचं ते नेमकं कळतं. आवडती पुस्तकं विचारली की माणसं चांगली दिसणारी नावं सांगतात. अर्धवट सोडलेल्याबद्दल मात्र खरं बोलतात.

आणि पाहुणा तुमचं पुस्तक वाचायला लागला आणि निघायची वेळ आली, तर ते त्याला नेऊ द्या. एका वहीत त्याचं नाव, पुस्तकाचं नाव आणि तारीख त्याच्यासमोरच लिहा. समोर लिहिलेलं असलं की परत मागताना कोणालाच संकोच वाटत नाही. महिन्याभराने फोन कराल तेव्हा पुस्तक कधी देतोस हे आधी विचारू नका. कुठवर आलास, ते विचारा.